डोळे मिटून उभी

९ मार्च, रविवार

आज आईचं रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ७.९ निघालं. यंत्र चुकलं असेल म्हणून दुसऱ्या हाताचं बोट टोचलं. ७.८.

मी महिनाभर साक्रीच्या पश्चिमेला डोंगरातल्या पाड्यांवर बायांची बोटं टोचत फिरते. अकराच्या खाली आलं की मोबाइलमधल्या फॉर्मवर लाल रंग येतो, मग गोळ्या द्यायच्या आणि समजावून सांगायचं. आठवड्याला शंभर-सव्वाशे बाया होतात. आणि इथे, धरणगावपासून सात किलोमीटरवर, माझ्याच घरात आई एवढ्याशा रक्तावर भाकरी थापते आणि शेतात कापसाच्या पऱ्हाट्या उपटते. मी तिला कधी विचारलंही नव्हतं.

यंत्र ऑफिसचं आहे. घरच्यांसाठी वापरू नये असं कुठे लिहिलेलं नाही, पण वापरावं असंही नाही. तपासणीच्या दोन पट्ट्या गेल्या. परत गेल्यावर ममता सिस्टरला सांगून टाकीन. गोळ्या मात्र ऑफिसच्या डब्यातल्या दिल्या नाहीत. धरणगावच्या मेडिकलमधून तशाच, लोह आणि फॉलिक अ‍ॅसिडच्या, विकत आणल्या. रोज एक, जेवणानंतर, चहासोबत नाही, हे आईकडून तीनदा म्हणवून घेतलं.

ती म्हणाली, "इतला दिन काय बिनरगतनी जगनू का मी?"

घरी आम्ही अहिराणी बोलतो. लिहिते मात्र मी शाळेतल्या भाषेत. आमच्या घरात लिहिणारी मीच पहिली, त्यामुळे घरची भाषा कशी लिहायची हे दाखवायला कोणी नव्हतं. आईचं बोलणं जमेल तसं उतरवून ठेवीन.

दुपारी ती मला एसटीपर्यंत सोडायला आली. थांब्यावर आल्यावर माझं लक्ष गेलं, तिच्या डाव्या पायात चप्पल नव्हती. माझे वडील, आबा, मागून चप्पल हातात घेऊन आले आणि म्हणाले, देवाच्या दारी सोडतात तशी हिने रस्त्यात सोडली. आई खूप हसली. चप्पल कधी निसटली तिला कळलंच नव्हतं. रक्त कमी असलं की लक्ष लागत नाही, असं आमच्या पुस्तिकेत आहे.

१२ मार्च, बुधवार

ममता सिस्टरला पट्ट्यांचं सांगितलं. ती उपकेंद्राची नर्स आहे आणि माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी. म्हणाली, "कामिनी, तू मेल्यावर चित्रगुप्त तुला बसायला खुर्ची देईल. त्याचं अर्धं काम तूच करून नेशील." मला हसू आलं नाही, म्हणून तीच एकटी हसली.

आज पाड्यावर बिजलीबाईंनी बोट पुढे केलं नाही. म्हणाल्या, दर खेपेला रक्त काढून नेतेस आणि वर म्हणतेस कमी आहे. बाकीच्या बाया पदर तोंडाला लावून हसत राहिल्या. शेवटी एका थेंबाच्या बदल्यात मी माझंही बोट टोचून दाखवलं. माझं १२.४. बिजलीबाई म्हणाल्या, असणारच, आमचंच प्यायलीस.

६ एप्रिल, रविवार

आई ९.२. महिन्याभरात सव्वाहून जास्त वाढलं. गोळ्यांची पाकिटं मोजली, एकही चुकवलेली नाही.

तिची जीभ मात्र सोलल्यासारखी लाल आणि गुळगुळीत झाली आहे. ठेचा तोंडात धरवत नाही. ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी पाण्यात मोडून खाते. गोळ्या उष्ण पडत असतील. दूध पीत जा म्हटलं, तर म्हणाली, दूध डेअरीला जातं. चहाही कोराच पिते. मी म्हटलं अर्धा पेला ठेवून घेत जा. तिने मान हलवली. ठेवून घेणार नाही हे मला दिसत होतं. मी बसची वेळ बघत होते.

१८ मे, रविवार

१०.९!

गेल्या आठवड्याच्या मीटिंगमध्ये साहेबांनी यशोगाथा मागितल्या होत्या. मी आईचं सांगणार आहे, नाव न घेता. कुणी विचारलं तर मात्र नाव सांगावं लागेल, आणि मग ती माझ्या पाड्यांतली नाही हेही.

आज ऊन इतकं होतं की हापशाच्या दांड्याला हात लागत नव्हता. आई आणि अक्का गच्चीवर ज्वारीच्या पापडांसारख्या बिबड्या वाळत घालत होत्या. अक्का म्हणजे आबांची थोरली बहीण, शेजारच्या घरात एकट्या राहतात. मी दहावी झाल्यावर पुढे शिकू नये असं सगळ्यांत मोठ्याने त्याच म्हणाल्या होत्या. आईला त्यांनी मुलगा नाही यावरून बोलायचं कधी सोडलं नाही. आता मला नोकरी लागली तरी म्हणतात, "पोरीले शिकाडीसन काय भेटनं? बायास्ना बोटे टोचस."

तर गच्चीवर अक्का चप्पल घालूनही एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होत्या आणि आई अनवाणी बिबड्या उलटत होती, सावकाश, जशी काही सावलीत उभी आहे. अक्का म्हणाल्या, पुष्पा, तू माणूस आहेस का बैल. खाली आल्यावर मी पाहिलं तर दोन्ही तळव्यांना फोड. आईलाही ते मी दाखवल्यावरच दिसले. म्हणाली, "पायमा मोजा घालेल शेतस असं वाटस." मोजे तिने जन्मात घातलेले नाहीत.

मी फोडांना खोबरेल लावलं. अंगात ताकद आल्यामुळे तिला सोसत असेल.

६ जुलै, रविवार

११.६. फॉर्मवर हिरवा रंग आला. मी आईला दाखवला.

तरीही ती बरी नाही. काय ते मला कळत नाही. फोनवर एकच गोष्ट तीनदा विचारते. वरणात दोनदा मीठ घालते, मग आबा जेवताना बोलले की ताट सरकवून देते. माझी आई कधी ताट सरकवणारी नव्हती. ब्लाउजची बटणं लावायला तिला वेळ लागतो. बोटांना मुंग्या येतात म्हणाली.

काल सकाळी न्हाणीत तोंड धुताना पडली. साबण डोळ्यांवर होता, डोळे मिटलेले, आणि ती सरळ आडवी झाली. कपाळाला खोक पडली. मला आज इथे आल्यावर कळलं. न्हाणीच्या फरशीवर शेवाळ असेल म्हणून मी ती राखेने आणि नारळाच्या शेंडीने घासून काढली. शेवाळ फारसं नव्हतं.

रक्त चांगलं आहे, मग काय कमी आहे? पुस्तिकेत पुढचं पान नाही. गोळ्या चालूच ठेवल्या.

३ ऑगस्ट, रविवार

आज कानबाई, आमच्याकडचा श्रावणातला देवीचा सण. स्थापना अक्कांच्या घरी. नारळाला नथ घातली, डोळे लावले, झेंडू वाहिले. घरातल्या माणसांच्या हिशेबाने रोटाचे, म्हणजे देवीच्या नैवेद्याचे, गहू दळून आणले होते, सकाळपासून पुरण शिजत होतं.

संध्याकाळी आरतीला आई पुढे उभी होती. सगळ्यांनी हात जोडले. आईने डोळे मिटले आणि ती डुलायला लागली. आधी थोडी, मग कमरेपासून, पुढे-मागे. पाय फाकवून उभी राहिली तरी डुलणं थांबेना. एक बाई ओरडली, कानबाई आली, पुष्पाबाईच्या अंगात आली. टाळ्यांचा ताल वाढला. दोघींनी तिला धरलं, कपाळावर कुंकू फासलं. आईने डोळे उघडले तेव्हा ती स्थिर होती आणि सगळ्यांकडे आश्चर्याने बघत होती.

मग अक्का खाली वाकल्या. साठीच्या पुढच्या, गुडघे धरलेले, तरी वाकल्या आणि त्यांनी आईच्या पायांवर डोकं ठेवलं.

मीही नमस्कार केला. माझ्या अंगावर काटा आला होता, हे खरं आहे तर लिहायला हवं.

४ ऑगस्ट, सोमवार

विसर्जनालाही तसंच झालं. नाल्याकाठी आईने डोळे मिटले आणि तिच्या अंगात आलं. शेजारची पुनम, तिला लग्नाला पाच वर्षं होऊन मूल नाही, तिने ओटी भरली आणि विचारलं, कधी? आई काहीच बोलली नाही. बायांनी त्याचाही अर्थ लावला.

घरी आल्यावर प्रसादाची खीर वाटली. आईने वाटी बाजूला ठेवली. देवीचीच खीर देवीने नको म्हणायची, असं पुनम हसत म्हणाली, तेव्हा आईने सांगितलं. मी ऐकलं ते इथे लिहिते.

मी दहावी झाले त्या वर्षी अक्का आणि आबा माझी शाळा बंद करणार होते. आईने कानबाईला बोलून ठेवलं की पोर शिकून सरकारी नोकरीला लागेपर्यंत दूध, दही, ताक, तूप तोंडाला लावणार नाही. म्हणजे नऊ वर्षं. तुळशीची माळ तर तिच्या गळ्यात लग्नाआधीपासून आहे, अंडंमटण तिच्यापुरतं घरात कधी शिजलंच नाही.

आणि मला आठवलं. गेल्या वर्षी नोकरीचं पत्र घेऊन मी घरी आले तेव्हा तिने विचारलं होतं, "पक्की शे ना?" तेव्हा ती दूध गाळत होती, हातात पेला होता. मी सांगितलं, नाही आई, कंत्राटी आहे, अकरा महिन्यांची, पुढचं त्यांच्या हातात. तिने बरं म्हटलं आणि पेला ओट्यावर ठेवला. मी पत्राची घडी घालत होते.

१९ ऑगस्ट, मंगळवार

आबांचा फोन. दर मंगळवारी बाया आईच्या पाया पडायला येतात. आज अकरा जणी होत्या. आबांचा आवाज मी इतका खुशीत ऐकलेला नाही. म्हणाले, अक्का स्वतः अंगण सारवून जातात. फोन आईकडे दिला. मी विचारलं, पाय कसे आहेत? ती म्हणाली, पायांचं काय, बाया दाबून देतात.

२० ऑगस्ट, बुधवार

धुळ्याला प्रशिक्षण होतं. एका डॉक्टरांनी रक्तक्षयावर बोलताना सांगितलं, सगळाच रक्तक्षय लोहाचा नसतो. बी-बारा म्हणून जीवनसत्त्व असतं. ते मांस, मासे, अंडी आणि दुधातून मिळतं. रोज लागतं अगदी तिळाएवढंसुद्धा नाही, पण वर्षानुवर्षं मिळालं नाही तर नसा सुकत जातात. पायाला मुंग्या येतात, मोजे घातल्यासारखं वाटतं, चप्पल निसटलेली कळत नाही, जीभ सोलते, माणूस चिडतं आणि विसरतं.

मी लिहून घेत होते. चप्पल हा शब्द लिहिला आणि पुढे लिहिता आलं नाही.

शेवटी ते म्हणाले, एक लक्षात ठेवा. अशा माणसाला नुसतं फॉलिक अ‍ॅसिड दिलं तर रक्त सुधारतं आणि आकडा वाढतो. सगळे खूश होतात आणि पुढे कुणी तपासत नाही. नसांचं नुकसान मात्र आत चालूच राहतं.

मी हात वर करून विचारलं, किती दिवस दिलं तर? ते म्हणाले, कुणाला दिलंय का? मी म्हटलं, हो. सगळे माझ्याकडे बघायला लागले. ते म्हणाले, घाबरू नका, घेऊन या, उशीर करू नका.

मार्च, एप्रिल, मे, जून, जुलै, ऑगस्ट. रोज एक, जेवणानंतर. एकही चुकवलेली नाही.

२४ ऑगस्ट, रविवार

आईला धुळ्याला चल म्हटलं. गणपती होऊ दे, गौरी जाऊ देत, मग मंगळवार नको, असं करत आठ तारीख ठरली. अक्का म्हणाल्या, देवीला डॉक्टर दाखवतात का.

८ सप्टेंबर, सोमवार

धुळ्याच्या दवाखान्यातले डॉक्टर चांगले होते, आईशी सावकाश बोलले. चिमट्यासारखं काहीतरी वाजवून तिच्या घोट्यावर ठेवलं आणि विचारलं, थरथर कळते का? आई दर खेपेला हो म्हणाली. मग त्यांनी न वाजवता ठेवलं, तरी ती हो म्हणाली. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. आई समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून हो म्हणत होती.

मग म्हणाले, मावशी, पाय जुळवून उभ्या राहा. आता डोळे मिटा.

आई डुलायला लागली.

तशीच. आधी थोडी, मग कमरेपासून. टेबलावर रक्ताच्या बाटल्या होत्या, भिंतीवर बाळांच्या लसींचं वेळापत्रक होतं. डॉक्टरांनी तिच्या दोन्ही बाजूंना हात धरले होते. मला म्हणाले, "पाहिलंत? डोळे उघडे असतात तोवर डोळे पायांचं काम करतात. मिटले की पायांना जमीन कुठे आहे तेच कळत नाही."

आईने डोळे उघडले. मी तिच्याकडे बघायला नको होतं.

रक्ताचा अहवाल दुपारपर्यंत आला. बी-बारा जवळजवळ नाहीच. इंजेक्शनं लिहून दिली. आधी एक दिवसाआड सात, मग आठवड्याला एक, मग महिन्याला. दूधही सुरू करा, पण नुसत्या दुधाने आता भागणार नाही. मी विचारलं, पाय पूर्ण बरे होतील का? ते म्हणाले, पुढचं नुकसान थांबेल. गेलेलं किती परत येईल सांगता येत नाही. सलग घेतली तरच. मध्ये सोडली तर आधी काठी लागेल, नंतर खाट. मी गोळ्यांचं सांगितलं. तुम्ही मुद्दाम केलं नाही, असं म्हणाले. ते मला ठाऊक आहे. त्याने काय होतं?

पहिलं इंजेक्शन तिथेच दिलं. बसमध्ये पारोळ्यापर्यंत आई खिडकीबाहेर बघत होती. मग एकदाच बोलली.

"कानबाई दवाखानामा बी येस का?"

मी पाण्याची बाटली पुढे केली. तिने घेतली नाही.

१४ सप्टेंबर, रविवार

चार इंजेक्शनं झाली. आबा मोटारसायकलवर धरणगावला नेतात. आईच्या जिभेची आग कमी झाली आहे. आज तिने वरणबट्टी खाल्ली आणि वांग्याच्या भाजीत तिखट कमी आहे म्हणाली. रात्री झोप लागते. आबांवर ओरडली नाही. इंजेक्शनातल्या एवढ्याशा लाल पाण्याने माणूस इतकं बदलतं हे पाहून मला आनंद व्हायला हवा, पण मी सहा महिन्यांचा विचार करत राहते.

दुधाला अजून हात लावत नाही. म्हणून मी ठरवून आले होते. सांगितलं, आई, माझी नोकरी पक्की झाली. पत्र आलं.

ती भांडी घासत होती. हात थांबले. म्हणाली, दाखव. मी पर्समधून कागद काढून दिला. तो प्रशिक्षणाला हजर राहण्याचा आदेश होता, शिक्का मोठा होता. आईला वाचता येत नाही. तिने कागद पाहिला नाही, माझं तोंड पाहिलं.

"तू खोटं बोलाले कव्हय शिकनी?"

कागद ओला होऊ नये म्हणून तिने तो कोपराने माझ्याकडे सरकवला. पुढे म्हणाली की तू शिकलीस, साहेबांसमोर खरं बोलतेस, यासाठीच मी दूध सोडलं, आता ते दूध खोट्यावर कशी पिऊ. रागावून नाही, समजावल्यासारखं. मी कागदाची घडी घातली.

२१ सप्टेंबर, रविवार

सोळा तारखेनंतर इंजेक्शन घेतलेलं नाही. पाच झाली, दोन राहिली, आणि पुढची सगळीच राहिली. आबा म्हणाले, तीच येत नाही. मी आईला गोठ्यात गाठलं. ती म्हशीच्या पाठीला हात टेकून उभी होती. हल्ली कशाला तरी टेकूनच उभी राहते.

बरं वाटतंय, म्हणाली. जेवण जातंय, झोप लागतेय, मग कशाला टोचायचं. मी डॉक्टरांचे शब्द सांगितले. काठी आणि खाट, दोन्ही. ती ऐकत होती. मी पाया पडते म्हटलं. ती म्हणाली, नको, तू नको पडू.

मग म्हणाली, "नवरात व्हई जाऊ दे, मंग दे तुन्या सुया."

मी म्हटलं, आई, तू पाहिलंस ना तिथे, डॉक्टरांनी डोळे मिटायला सांगितल्यावर. तिनेच विचारलं, सुया पुऱ्या झाल्या की डुलणं थांबेल का. मी म्हटलं, थांबावं म्हणूनच घ्यायच्या. थांबेल, बहुतेक. मला खोटं सांगायचं होतं आणि पुन्हा खरंच तोंडातून गेलं.

तिने म्हशीच्या पाठीवरून हात फिरवला.

"तुले बठ्ठा ताई म्हंतस. साहेब बी म्हंतस. माले आजलोंग कोन काय म्हने?"

मी आठवून पाहिलं, आजवर तिला कोण काय म्हणालं. अक्का तिला पुष्पा म्हणायच्या, तेही काम सांगताना. आबा नुसतं ए म्हणतात. गावात ती आबांच्या नावाने हिलालची बायको, आणि आता कामिनीची आई. मंगळवारी बाया तिला माउली म्हणतात.

फक्त दहा दिवस, असं ती म्हणाली. दहा दिवसांत नसांचं किती होतं, हे मी ममता सिस्टरला फोन करून विचारलं. तिला सांगता आलं नाही. ती थट्टाही करत नव्हती.

३० सप्टेंबर, मंगळवार

अष्टमी. तीन दिवसांची रजा काढून आले आहे. आईला इंजेक्शन घेऊन चौदा दिवस झाले. कालपासून ती भिंत धरून चालते आहे. उंबरा ओलांडताना आधी पायाकडे बघते, मग पाय उचलते.

सकाळी दहाला बाया आल्या. तीसेक तरी असतील, धरणगावहूनही काही. घटासमोर पाट मांडला होता. आई अंघोळ करून, केस मोकळे सोडून पुढे आली. उभी राहिली. पाय मुद्दाम जुळवून उभी राहिली, हे मी पाहिलं. धुळ्याला डॉक्टरांनी सांगितलं होतं तसे. मग तिने डोळे मिटले.

डुलणं कानबाईच्या वेळेपेक्षा जास्त आहे. बाया टाळ्या वाजवायला लागल्या. मला मोठ्याने सांगायचं होतं की तिला धरा, ही पडते आहे. मी तोंड उघडलंसुद्धा. पण त्या सगळ्या जणी तिच्याकडे ज्या नजरेने बघत होत्या तसं तिच्याकडे कधी कुणी पाहिलेलं नाही, मीही नाही.

त्यातच धरणगावहून आलेली एक बाई म्हणाली, हिला दवाखान्यात नेलं होतं म्हणे, पायांचा आजार आहे म्हणे. टाळ्या कमी झाल्या. अक्का माझ्याकडे वळल्या. सगळ्यांसमोर म्हणाल्या, "कामिनी, तू दवाखानानी शे. तू खोटं बोलत नही. सांग, आते हाई देवीनं आंगमा येनं खरं शे का?"

आईने डोळे उघडले. ती स्थिर झाली. ती माझ्याकडे बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर विनवणी नव्हती, काहीच नव्हतं. धुळ्याला डोळे उघडल्यावर होता तसाच चेहरा. मी काही बोलले असते तरी ती ते मुकाट्याने घेऊन आत गेली असती आणि संध्याकाळी इंजेक्शनही घेतलं असतं. हे मला ठाऊक होतं. तिचे पाय वाचवायला एक वाक्य पुरत होतं.

मी म्हटलं, खरं आहे, अक्का.

या वेळी माझ्या तोंडाकडे बघून कुणाला काही कळलं नाही. टाळ्या पुन्हा सुरू झाल्या. आईने माझ्याकडे क्षणभर आणखी पाहिलं आणि डोळे मिटले.

मग मी तिच्या मागे जाऊन उभी राहिले. दोन्ही हात तिच्या पाठीपासून वीतभर अंतरावर पुढे धरले, ती कुठल्याही बाजूला गेली तरी सापडावी म्हणून. बायांना वाटलं मी देवीची सेवा करते आहे. त्या एकेक करून येत होत्या, वाकत होत्या, आणि दर वेळी कुणाचं डोकं तिच्या पायांना लागलं की ती थोडी मागे यायची आणि माझे हात पुढे व्हायचे.

शेवटी पुनम आली. आईच्या पाया पडून झाल्यावर ती सरकत माझ्याकडे आली आणि माझ्या पायांवर डोकं ठेवलं. माझे दोन्ही हात पुढे धरलेले होते, त्यामुळे मला तिला अडवता आलं नाही.